दोन बोटं फेस

आमच्या घरात बिअरवरून भांडण झालं ते कुणी प्यायलं म्हणून नव्हे, ती ग्लासात कशी ओतली म्हणून. मालाड पूर्वेच्या आमच्या इमारतीत बिअरवरून भांडणं काही कमी झालेली नाहीत, पण ती सगळी पोटात गेल्यानंतरची. आमचं झालं तेव्हा घरातले सगळे शुद्धीत होते, रविवारची सकाळ होती आणि मी कोलंबी सोलत बसले होते.

माझी नात श्रुतिका एक मोठी काळी बाटली घेऊन आली. श्रुतिका बिस्किटांच्या कंपनीत चांगल्या नोकरीला होती. ती सोडून तिने गोराईच्या ऑस्टिन नावाच्या मित्राबरोबर अंधेरीला, लिंक रोडच्या मागच्या एका जुन्या गाळ्यात बिअर बनवायला घेतली. पुढच्या रविवारी दुपारी ती ब्रूअरी लोकांसाठी उघडायची होती. त्याआधी पहिली चव घरच्यांना, म्हणून ती बाटली.

"आजोबा, डोळे मिटा," ती म्हणाली. ह्यांनी मिटले. तिने कपाटातला काचेचा उंच ग्लास घेतला आणि बाटली सरळ मधोमध रिकामी करत गेली. खाली पिकल्या केळ्याच्या सालीच्या रंगाची गढूळ बिअर आणि वर चांगला दोन बोटं पांढरा फेस.

"उघडा."

ह्यांनी उघडले, ग्लासाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"ही कोणी ओतली?"

"मी."

"आमच्याकडे असतीस ना, तर पहिल्याच दिवशी शेटने हाकलली असती."

ह्यांचं बोलणं समजायला ह्यांचं काम माहीत हवं. आमचे हे, धोंडिराम, अंधेरी स्टेशनाजवळच्या एका परमिट रूममध्ये चाळीसेक वर्षं वेटर होते. कणकवलीकडून आले ते गिरणीत लागायला, पण लागले तिथे. पिणाऱ्याकडे सरकारी परवाना असायला हवा, म्हणून नाव परमिट रूम. तो परवाना मी तरी कुणाच्या हातात बघितला नाही. शनिवारी एमआयडीसीतले कामगार यायचे, गिरणीवाले यायचे. तिघांत एक बाटली मागवायचे आणि तीन ग्लास. बाटली थंड असली पाहिजे आणि तिन्ही ग्लासांत बरोबर सारखी पडली पाहिजे. एकात केसभर जास्त झाली तर दोस्ती तुटायची वेळ. आणि फेस आला की कोणाला किती पडली ते कळायचं कसं? म्हणून हे ग्लास तिरपा, जवळजवळ आडवा धरायचे आणि काचेच्या कडेने बिअर अशी उतरवायचे की एक बुडबुडा उठायचा नाही. तीन ग्लास टेबलावर ठेवले की तिघं गुडघ्यावर वाकून, डोळे ग्लासाच्या पातळीला आणून बघायचे. मग म्हणायचे, धोंडूच्या हातात खोट नाही. बाकीच्या बारमध्ये फेस घालून गिऱ्हाइकाला फसवतात, धोंडू नाही. दुसऱ्या बारमधून लोक उठून ह्यांच्या टेबलावर यायचे. ह्यांना पगार बेताचाच होता, पण हे वाक्य हे घरी घेऊन यायचे आणि जेवताना मला सांगायचे. दर शनिवारी. मला पाठ झालं होतं.

तर अशा माणसापुढे नातीने दोन बोटं फेस ठेवला.

"आजोबा, फेस मुद्दाम आहे," श्रुतिका म्हणाली. "ही गव्हाची बिअर. हिचा सगळा वास फेसात असतो. फेस नाही तर अर्धी बिअर गेली."

"अर्धी बिअर फेसातच गेलीय. दिसतंय ना."

"तुम्ही प्या तरी."

"मी पीत नाही, तुला माहितीय. वाढणाऱ्याने चाखायची नाही."

"अहो, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली!"

"म्हणून काय झालं?"

ती हसली. तिला वाटलं, चाललीय थट्टा. मग तिने जे विचारायला ती आली होती ते विचारलं. रविवारी पहिला ग्लास आजोबांनी भरायचा. तिने सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. लहानपणी हे तिला मांडीवर घेऊन परमिट रूमच्या गोष्टी सांगायचे, तिथून तिला ह्या सगळ्याचं वेड लागलं. त्यामुळे पहिला ग्लास दुसऱ्या कुणाच्या हातून भरला तर तिला ब्रूअरी उघडल्यासारखंच वाटणार नव्हतं.

ह्यांचा चेहरा आधी फुलला. मग म्हणाले, "भरतो की. पण माझ्या पद्धतीने."

"फेसाशिवाय?"

"फेसाशिवाय."

"नाही आजोबा. फेसाशिवाय मी कुणाला देणार नाही. ती माझी बिअरच नाही."

"मग मी येईन, बसेन, जेवेन. पण फेस घातलेला ग्लास मी कुणापुढे ठेवणार नाही. अंधेरीत अजून माणसं आहेत मला ओळखणारी. म्हणतील, धोंडिराम म्हातारपणी चोऱ्या करायला लागला."

"म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंत!"

बाटली तिथेच टाकून ती गेली. कोलंबीचं सार होतं, न जेवता गेली. असं ती कधी करत नाही. हे खिडकीत जाऊन उभे राहिले. ग्लासातला फेस हळूहळू बसला आणि बिअर ग्लासाच्या पाऊण भागापर्यंत राहिली. "बघ," हे मला म्हणाले. "बघ किती कमी आहे." पण ते जिंकल्यासारखं नव्हतं.

सोमवारी कुणी कुणाला फोन केला नाही. मंगळवारी ह्यांनी दोनदा मला विचारलं, पोरीचा फोन आला का. मी म्हटलं, "तुम्हाला बोटं आहेत, फोन आहे." ह्यांनी फोन उचलून परत ठेवला. हट्टात नात आजोबावरच गेली आहे. तो हट्ट मोडायचा कसा हे मला पंचावन्न वर्षांत नीट जमलेलं नाही.

बुधवारी सकाळी मी दूध तापवत होते. पिशवीतलं दूध. ते वर यायला लागलं, मी गॅस बारीक केला आणि मला एकदम जोगेश्वरीचा तबेला आठवला. आमचं लग्न नवं होतं तेव्हा तिथला भय्या कॅन घेऊन दारात यायचा. माप उंचावरून भरायचा म्हणजे फेस भरपूर व्हायचा. मग मी त्याचा हात धरायचे. थांब रे, फेस बसू दे. तो म्हणायचा, बाई, टाइम नहीं है. मी म्हणायचे, मग वरून आणखी घाल. तो घालायचा, फेस मापाच्या वर चढायचा, आणि तेवढा पातेल्यात आला की आमचा मुलगा राजेश बोटाने चाटून खायचा. दूध ताजं आहे की नाही ते आम्ही त्या फेसावरूनच ओळखायचो. फेस नसला की शंका यायची, पाणी किती घातलंय.

मी ह्यांना हाक मारली. "अहो, जोगेश्वरीच्या भय्याच्या दुधाला फेस नसला तर तुम्ही काय म्हणायचा?"

"पाणचट आहे म्हणायचो. त्याचं काय आता?"

"आणि फेस असला तर?"

हे पेपरातून वर बघायला लागले. म्हातारा असला तरी माणूस हुशार आहे.

"फेस मापाच्या आत आला तर चोरी," मी म्हटलं. "मापाच्या वर आला तर ताजेपणा. एवढंच बघायचं आहे ना? मग मोजून या. घरात बसून नातीला चोर कशाला ठरवता?"

ह्यांनी पेपराची घडी घातली. चहा प्यायले. मग स्टूल ओढून माळ्यावर काहीतरी शोधायला लागले. ॲल्युमिनियमचं अर्धा लिटरचं जुनं माप खाली आलं, त्यात मी सुटी बटणं ठेवली होती. बटणं पलंगावर ओतून हे म्हणाले, "रिक्षा बघ."

गाळ्याचं दार ऑस्टिनने उघडलं. उंच, दाढीवाला मुलगा, पायात गमबूट. "आजोबा! आजी! या या, पाय जपून, खाली ओलं आहे." मागून श्रुतिका आली. ह्यांच्या हातातलं माप बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"छापा टाकायला आलात?"

"हो," हे म्हणाले.

मी मात्र आजूबाजूला बघत होते. मला वाटलं होतं दारूचा गुत्ता असतो तसं काहीतरी असेल. तर चकचकीत पिंप, पाइप, आणि सगळीकडे भाकरी भाजल्यासारखा वास. कोपऱ्यात पोती होती. ऑस्टिनने एका पोत्यातून मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. "खाऊन बघा." मी चावले. कुरकुरीत, गोडसर. "हे सातूचे. भिजवतात, मोड आणतात, सुकवून भाजतात."

"अरे, हे तर नाचणीच्या सत्त्वासारखं!" मी म्हटलं. "मी ह्या मुलीला सहा महिन्यांची असल्यापासून करून घातलंय."

"म्हणून ती अशी झाली," ऑस्टिन म्हणाला, आणि श्रुतिकाने त्याला कोपर मारलं. पण हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली असावी.

त्याने मला आणखी दाणे दिले. फिकट भाजलेले, तांबूस, आणि कॉफीसारखे काळे. काळ्या दाण्यांची काळी बिअर होते, तिला स्टाउट म्हणतात, आणि थंडीत, कमी गार प्यायची. आपल्याकडे बाटलीत मिळते ती पिवळी म्हणजे लागर, ती थंडाव्यात सावकाश मुरवतात. ही गव्हाची लवकर तयार होते आणि ताजीच संपवायची, ताज्या माश्यासारखी. पूर्वी ज्या देशांत बिअर व्हायची तिथे ती घरोघरी बायकाच बनवायच्या, असंही तो म्हणाला. मला बरं वाटलं.

इकडे ह्यांचं काम सुरू झालं होतं. काउंटरवर ग्लास मांडले होते. ह्यांनी नळाखाली माप काठोकाठ भरलं, डोळ्याजवळ धरून बघितलं आणि पाणी एका ग्लासात ओतलं. पाणी ग्लासाच्या काठापर्यंत पोचलंच नाही. वर रिकामी जागा राहिली. ह्यांनी बोटं लावली. दोन बोटं.

"तू बोर्डावर काय लिहिणार? अर्धा लिटर?"

"अर्धा लिटर."

ह्यांनी दुसरा ग्लास घेतला. मग तिसरा. मग पलीकडच्या खोक्यातला एक, न सांगता निवडून. सगळीकडे पाणी तिथेच.

"आता सांगा," श्रुतिका म्हणाली, "वरच्या दोन बोटांत मी काय ठेवू? हवा?"

मग तिने बिअरचा नळ उघडून दोन ग्लास भरले. एक ह्यांच्या पद्धतीने, आडवा धरून, कडेने, आणि तिला ते बरोबर येत होतं, कारण लहानपणी ह्यांनीच पाण्याने शिकवलं होतं. दुसरा तिच्या पद्धतीने, आधी आडवा आणि शेवटी सरळ. दोन्ही ह्यांच्यापुढे सरकवले.

"पिऊ नका. नुसता वास घ्या."

हे आधी आपल्या ग्लासावर वाकले. मग तिच्या. मग परत आपल्या. नाकाला फेस लागला, तो मनगटाने पुसला.

"केळं घातलंयस?"

"नाही."

"लवंग?"

"काहीच नाही. गहू, सातू, पाणी, कडूपणाला थोडी हॉप्सची फुलं. तो वास यीस्टचा. बिअर आंबवताना ते असा वास सोडतं."

"ह्यात वास येतोय. ह्यात नाही येत." हे आपल्या ग्लासाकडे बोट दाखवत म्हणाले. मग जे मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं ते झालं. ह्यांनी फेसाचा ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. लहानसा, औषध घेतल्यासारखा. थोडं थांबून दुसरा, जरा मोठा.

"कसली आहे?" मी विचारलं.

"थांब गं," हे म्हणाले, आणि तिसरा घेतला.

ऑस्टिन पलीकडे तोंड करून हसत होता. ह्यांनी ग्लास ठेवला आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे राहिले. मला वाटलं चक्कर आली.

"श्रुतू, म्हणजे आमच्या गिऱ्हाइकांना हा वास कधी मिळालाच नाही?"

"ती बिअर वेगळी होती, आजोबा," ती हळूच म्हणाली. "तिला एवढा वास नसतोच. आणि त्यांना तीन ग्लास सारखे हवे होते. ते तुम्ही दिलेत."

ह्यांनी आपला ग्लास बाजूला सारला आणि हे परत वेटर झाले. "एक अट. माप कुठपर्यंत आहे ते ग्लासावर दिसलं पाहिजे. रेघ हवी. गिऱ्हाइकाने वाकून बघितलं तर त्याला कळलं पाहिजे."

"मारते रेघ."

"प्रत्येक ग्लासावर."

"प्रत्येक ग्लासावर. अजून काही, साहेब?"

"सरळ ओतायला शिकव. माझा हात आडवा वळलेला आहे."

त्यानंतरचे तीन दिवस आमच्या घरात रोज संध्याकाळी सराव. ऑस्टिन बाटल्या पोचवून जायचा. हे बनियनवर, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. हात आपोआप आडवा जायचा, मी म्हणायचे, "सरळ, सरळ!" मग एकदम सरळ व्हायचा आणि सगळा फेस ओट्यावर. वाया जाऊ नये म्हणून मी त्या बिअरमध्ये बेसन भिजवून कोलंबीची भजी तळली. अशी हलकी, कुरकुरीत भजी मी जन्मात केली नव्हती. समोरच्या बिऱ्हाडातली गंधाली वास घेत आली, तिला वाटलं आमच्याकडे पाहुणे आहेत. शनिवारपर्यंत ह्यांच्या हातून बरोबर दोन बोटं फेस पडायला लागला. तिसरं बोट नाही, दीड नाही. "हात आहे अजून," हे म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला लाजल्यासारखं झालं.

रविवारी सकाळीच माझी नणंद चंपा दहिसरहून आली, जेवणाची जबाबदारी तिची. कोंबडी-वडे. तिने रात्रीच वडे तळून, जुन्या सुती साडीची फडकी घातलेल्या टोपलीत भरून आणले होते, आमच्याकडे तसेच नेतात, वडे मऊ राहतात. गाळ्यात पोचल्यावर तिने ऑस्टिनला आपादमस्तक बघितलं.

"वयनी, ह्यो काय गो? लग्न कधी?"

"चंपे, ते फक्त बिअर करतात."

"आमच्या येळेक आधी लगीन करीत, मगे बिअर," चंपा म्हणाली आणि पदर खोचून कामाला लागली. रिकामी बसणं तिला येत नाही. तेवढ्यात मला बाहेर पाहुण्यांच्या खुर्च्या लावायला बोलावलं.

दुपारी माणसं जमली. पंचवीसतीस असतील, श्रुतिकाचे मित्र, ऑस्टिनचे गोराईचे नातेवाईक, आमच्या इमारतीतले चारसहा. हे पांढरा शर्ट, काळी पँट, खांद्यावर दुमडलेला नॅपकिन. इतक्या वर्षांनी तो वेश ह्यांच्या अंगावर बघून मी उगाच ह्यांची कॉलर नीट केली. श्रुतिकाने सगळ्यांना गप्प केलं, म्हणाली, हे माझे आजोबा, मी बिअर करायला लागले ते यांच्यामुळे. टाळ्या झाल्या. ह्यांनी ग्लास घेतला, नळ ओढला, आधी आडवा, शेवटी सरळ. शनिवारसारखंच, बरोब्बर.

फेस आला आणि विरून गेला. साबणाचे चार बुडबुडे राहावेत तसे राहिले, तेही फुटले. बिअर रेघेपर्यंत आणि वर रिकामी दोन बोटं.

ह्यांनी दुसरा ग्लास घेतला. तेच. तिसरा. तेच.

कुणीतरी म्हणालं, "छान! फेस नाही, फुल माप!" आणि टाळ्या वाजवल्या. श्रुतिका वाजवत नव्हती. ती पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आजच्या दिवशी सुद्धा?"

"मी नाही केलं," हे म्हणाले. "आईशप्पथ. मी सरळच धरला होता. सुगंधा, तू बघितलंस ना?"

"बघितलं. सरळच होता," मी म्हटलं. पण तिचे डोळे भरले होते. तिला वाटलं, सगळ्यांसमोर ह्यांनी आपलंच खरं केलं. ह्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं आता हे नॅपकिन काढून ठेवतील आणि चालायला लागतील. गेले असते तर दोघंही वर्षभर एकमेकांशी बोलली नसती, मला दोघं ठाऊक आहेत.

पण हे गेले नाहीत. ह्यांनी ग्लास उजेडात धरला. फिरवला. मग आतून बोट फिरवून बोटांच्या पेरांत चोळलं. वास घेतला.

"तेल," हे म्हणाले. "अगं श्रुतू, काचेला तेल आहे! तेलाने फेस मरतो. आमच्या वेळी फेस उठू नये म्हणून मुद्दाम असे ग्लास ठेवणारे हॉटेलवाले होते. हे कोणी पुसले?"

मग मागून चंपा पुढे आली. तिच्या खांद्यावर टोपलीतलं सुती फडकं होतं.

"मी पुसलंय. रेघ दिसाक नको काय सगळ्यांका? म्हणून चकचकीत पुसलंय. एकूणएक."

"खयच्या फडक्यान?" ह्यांनी विचारलं.

"हेच्यान." तिने खांद्यावरचं दाखवलं. "मऊ आसा ना."

"चंपे! रातभर त्यात वडे होते!" मी म्हटलं.

आधी ऑस्टिन काउंटरवर डोकं ठेवून हसायला लागला. मग श्रुतिका. डोळ्यांतलं पाणी अजून तिथेच आणि वर हसू. तिने ह्यांचा दंड धरला. "सॉरी आजोबा. सॉरी, सॉरी."

"सॉरी नंतर. गरम पाणी आण," हे म्हणाले. बाह्या वर केल्या आणि पुढचा अर्धा तास त्या ब्रूअरीत वेटर नव्हता, मुकादम होता. गरम पाणी, सोडा, मग साध्या पाण्याने दोनदा. पुसायचं नाही, कोणी पुसायचं नाही, ओल्या ग्लासात बिअर चांगली बसते, ऐकलं का चंपे. पाहुणे रांगेत उभे राहिले, ऑस्टिनची आत्या विसळत होती, गंधालीचा नवरा पालथे घालत होता. चंपाला ह्यांनी ग्लासांपासून दूर, वड्यांपाशी बसवलं. तिने सगळ्यांना आधीच एकेक वडा दिला, "तोपर्यंत खावा, बिअर येतली."

मग पहिला ग्लास दुसऱ्यांदा भरला. फेस वर आला, रेघेच्या वर दोन बोटं, आणि तिथेच उभा राहिला, एकदम पांढरा. श्रुतिकाने तो हातात घेतला आणि नुसती बघत राहिली.

"पी ना," हे म्हणाले. "वास जातोय."

ती प्यायली. मग ग्लास भरत गेले, माणसं पीत गेली, कोण केळं म्हणत होतं, कोण लवंग, गोराईची आत्या म्हणाली नाताळच्या केकसारखा वास येतोय. मलाही अर्धा ग्लास दिला. मला विचाराल तर पहिला घोट कडू, दुसरा बरा, तिसऱ्याला मी वडा शोधला.

संध्याकाळकडे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले. पांढरा सदरा, जाडसर भुवया, पांढऱ्या भरघोस मिश्या. काउंटरपाशी थांबले, ह्यांच्याकडे रोखून बघितलं.

"धोंडू?"

"जयंतीभाई!" हे बाहेर येऊन त्यांच्या पाया पडायलाच निघाले होते. घाटकोपरचे जयंतीभाई, अंधेरीत त्यांचा यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा होता. दर शनिवारी दोन मित्रांना घेऊन ह्यांच्या टेबलावर बसायचे. मित्र दोघेही आता नाहीत. दुपारी कुणीतरी टाकलेला ह्यांचा फोटो त्यांच्या नातवाने फोनवर दाखवला म्हणून ते इतक्या लांब आले होते.

हे ग्लास भरायला गेले. माझा जीव टांगणीला लागला, कारण जुन्या गिऱ्हाइकाने चोर म्हणण्याचीच ह्यांना भीती होती. ग्लास समोर आला. दोन बोटं फेस. जयंतीभाईंनी बघितलं, भुवया वर गेल्या, आणि ते कमरेत वाकले, तेच जुनं वाकणं, डोळे ग्लासाच्या पातळीला.

"आ शू, धोंडू? तू पण फेस घालायला लागला? चोर झाला?"

श्रुतिकाने हातातला ग्लास खाली ठेवला.

"जयंतीभाई, खाली रेघ बघा," हे म्हणाले. "तिथपर्यंत तुमचं माप आहे. पूर्ण. वरचं आहे ते माझ्या नातीकडून. आधी त्याचा वास घ्या, मग मला शिव्या द्या."

जयंतीभाई वाकलेलेच राहिले. रेघ बघितली. नाक फेसाजवळ नेलं. मग काठी काउंटरला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांनी ग्लास उचलून एक लांब घोट घेतला. मिश्या पांढऱ्या होत्या, त्या आणखी पांढऱ्या झाल्या.

"साला," ते म्हणाले. "आपण इतकी वर्षं काय पीत होतो रे?"

"लागर," श्रुतिका म्हणाली, आणि असं हसली की ऑस्टिनही वळून बघायला लागला. "ती पण चांगली असते, जयंतीभाई. पुढच्या महिन्यात करणार आहे. याल ना?"

"हा भरणार असेल तर येतो."

"हा भरणार आहे," ती म्हणाली आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे दुसऱ्या कुणाचा तरी ग्लास भरत होते, आडवा, मग सरळ, आणि मान वर न करता म्हणाले, "रविवारी दुपारी फक्त. शनिवारी मला सांधेदुखीचा डॉक्टर असतो."

जयंतीभाईंचा ग्लास संपला तेव्हा हे कुणाला त्याला हात लावू देईनात. स्वच्छ काचेवर प्रत्येक घोटाबरोबर फेसाचं एक कडं राहिलं होतं, एकाखाली एक, किती घोटांत संपवली ते मोजता येईल असं. हे तो ग्लास घेऊन चंपाकडे गेले आणि तिच्या नाकासमोर धरला.

"बघ चंपे. ग्लास स्वच्छ असला की असा दिसता. एकेक कडा बघ."

चंपाने वड्यांच्या टोपलीवरून मान वर केली, ग्लास नीट बघितला, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "झकास दिसता. आणि आता ही कडा घासून कोण काढतला, मीच मा?"